डीझेल निष्कास द्रव

डीझेल निष्कास द्रव : डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूंतील (एंजिनाबाहेर टाकल्या जाणाऱ्या जळक्या वायूंतील) नायट्रोजन ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करण्यासाठी वापरण्यात येणारा यूरियाचा जलीय विद्राव. त्यात वजनाने ३२·५% यूरिया व ६७·५% आयनरहित (विरघळलेली लवणे काढून टाकलेले) पाणी असते. हा द्रव रंगहीन, स्वच्छ व अज्वालाग्राही असून त्याला कधीकधी अमोनियाचा मंद वास येतो. तो इंधन नव्हे आणि इंधनात मिसळावयाचा पदार्थही नव्हे. वाहनावर त्याची स्वतंत्र टाकी असते व तेथून तो एंजिनात न जाता एंजिनामागील निष्कास नळात फवारला जातो. भारतातील वाहनचालकांत तो ‘डीईएफ’, ‘डेफ’ किंवा नुसताच ‘यूरिया’ या नावांनी ओळखला जातो. यूरोपात ‘ॲडब्लू’ हे नाव रूढ असून ते जर्मन मोटार उद्योग संघाचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. या नावात निळा रंग असला, तरी द्रव निळा नसतो. निळे असते ते टाकीचे झाकण. ‘यूरिया’ हे नाव बोलण्यास सोपे खरे. परंतु शेतीस घालावयाचा यूरिया व हा द्रव एकच, असा समज त्यातूनच पसरला आणि त्यापायी अनेक वाहनांची महागडी यंत्रणा निकामी झाली आहे.

गरज : डीझेल एंजिनात हवा मोठ्या प्रमाणावर संपीडित करून (दाबून) तिच्या उष्णतेने इंधन पेटविले जाते आणि इंधनाच्या ज्वलनास लागते त्यापेक्षा पुष्कळ अधिक हवा सिलिंडरात घेतलेली असते. हीच त्याच्या काटकसरीची दोन मुख्य कारणे आणि हीच त्याच्या प्रदूषणाचीही. हवेत सु. ७८% नायट्रोजन असतो. एरवी तो निष्क्रिय असला, तरी ज्योतीच्या अतितप्त भागात, विशेषतः सु. १,५००° से.च्या वर, त्याचा ऑक्सिजनाशी संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. या विक्रियेची यंत्रणा रशियन शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९४६ मध्ये मांडली. नायट्रिक ऑक्साइड व त्यापासून बनणारे नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांना मिळून नायट्रोजन ऑक्साइडे असे म्हणतात. नायट्रोजन डाय-ऑक्साइडाने श्वसनमार्गाचा दाह होतो व दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. सूर्यप्रकाशात या ऑक्साइडांपासून जमिनीलगतच्या हवेत ओझोन निर्माण होतो, अम्लवर्षणात त्यांचा वाटा असतो आणि हवेतील अमोनियाशी संयोग होऊन त्यांचे सूक्ष्म नायट्रेट कण बनतात. शहरांवर साचणाऱ्या धुरकटपणास हे कणही कारणीभूत होतात.

पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न त्रिमार्गी उत्प्रेरकाने सुटला. (उत्प्रेरक म्हणजे विक्रियेत स्वतः खर्ची न पडता तिची गती वाढविणारा पदार्थ.) तेथे हवा व पेट्रोल यांचे प्रमाण नेमके राखले जाते व निष्कास वायूंत ऑक्सिजन जवळजवळ शिल्लक राहत नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांच्याकडूनच नायट्रोजन ऑक्साइडांचे क्षपण (ऑक्सिजन काढून टाकण्याची क्रिया) करवून घेता येते. डीझेलच्या निष्कास वायूंत मात्र ऑक्सिजन भरपूर असतो. क्षपण करणारा कोणताही साधा पदार्थ प्रथम त्या मोकळ्या ऑक्सिजनाशीच संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइडे तशीच राहतात. अमोनिया मात्र योग्य उत्प्रेरकाच्या सान्निध्यात मोकळा ऑक्सिजन सोडून नेमका नायट्रोजन ऑक्साइडांशी विक्रिया करतो. या निवडीमुळे या पद्धतीस निवडक उत्प्रेरकी क्षपण असे नाव मिळाले आहे.

निष्कास वायूंचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात सोडणे, हा दुसरा उपाय आहे. त्यामुळे ज्योतीचे तापमान उतरते व नायट्रोजन ऑक्साइडे कमी होतात. परंतु ज्वलन अपुरे होऊन काजळी वाढते आणि इंधनही थोडे अधिक लागते. काजळी व नायट्रोजन ऑक्साइडे ही डीझेल एंजिनात तराजूच्या दोन पारड्यांसारखी असतात : एक खाली नेले की दुसरे वर जाते. नायट्रोजन ऑक्साइडांचा बंदोबस्त एंजिनाबाहेर करता आला, तर एंजिन पुन्हा तप्त व काटकसरी ज्वलनासाठी जुळविता येते. लांब पल्ल्याच्या मालमोटारींच्या मालकांनी एका जादा द्रवाचा खर्च सोसावा, यामागील आर्थिक तर्क हाच आहे. डीझेलमध्ये वाचलेले पैसे द्रवाचा खर्च निदान अंशतः भरून काढतात. बहुतेक आधुनिक अवजड एंजिनांत मर्यादा इतक्या कडक झाल्या आहेत की, दोन्ही उपाय कमी-अधिक प्रमाणात एकत्र वापरावे लागतात.

इतिहास : यूरिया हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रूएल यांनी १७७३ मध्ये मूत्रातून वेगळा केला व व्होलर यांनी १८२८ मध्ये तो अकार्बनी पदार्थांपासून प्रयोगशाळेत तयार केला. अमोनियाच्या साहाय्याने निवडक क्षपण करण्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत १९५७ मध्ये एंगलहार्ड या कंपनीस मिळाले. मोठ्या प्रमाणावर त्याचा उपयोग प्रथम जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर झाला. वीजकेंद्रात अमोनिया वायू साठविणे शक्य असते. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनावर दाबाखालील विषारी अमोनियाची टाकी बसविणे धोक्याचे ठरले असते. म्हणून वाहनासाठी यूरियाचा विद्राव पुढे आला. तो नेण्यास सुरक्षित असून तापविला असता वाटेतच अमोनिया देतो. जपानमध्ये निस्सान डीझेल कंपनीने २००४ मध्ये आणि यूरोपात मर्सिडीज-बेंझ व इतर निर्मात्यांनी २००५ च्या सुमारास ही पद्धत मालमोटारींवर बसविली. अमेरिकेत २०१० च्या मर्यादांपासून ती सर्रास वापरात आली.

या प्रसारास कारण अर्थात कायदा होय. अवजड डीझेल एंजिनांतून प्रत्येक किलोवॉट-तास कार्यामागे बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांची यूरोपीय मर्यादा ‘यूरो ३’ मध्ये ५ ग्रॅ. होती. ती ‘यूरो ४’ मध्ये ३·५ ग्रॅ., ‘यूरो ५’ मध्ये २ ग्रॅ. व ‘यूरो ६’ मध्ये स्थिर चाचणीत ०·४ ग्रॅ. झाली. भारतातील ‘भारत स्टेज’ मानके यूरोपीय मानकांवरच बेतलेली आहेत. चौथ्या टप्प्याची मानके २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूर यांसह निवडक शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा टप्पा आणण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार ३१ मार्च २०२० नंतर चौथ्या टप्प्याची वाहने विकण्यास मनाई करण्यात आली. डीझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले. गंधक उत्प्रेरकास बाधक असल्याने हा बदल अपरिहार्य होता. यूरोपने पुष्कळ अधिक वर्षांत चढलेल्या पायऱ्या भारतीय वाहतूकदाराला तीन वर्षांत चढाव्या लागल्या. नव्या द्रवाविषयी झालेला गोंधळ या घाईच्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

रासायनिक प्रक्रिया : निष्कास नळात फवारलेल्या थेंबांतील पाण्याची प्रथम वाफ होते. उरलेला यूरिया १३३° से.ला वितळतो व अधिक तापल्यावर त्याच्या एका रेणूपासून अमोनियाचा एक रेणू व आयसोसायनिक अम्लाचा एक रेणू मिळतो. या अम्लाचे वाफेमुळे जलीय विच्छेदन होऊन (पाण्याच्या विक्रियेने रेणूचे तुकडे होऊन) अमोनियाचा आणखी एक रेणू व कार्बन डाय-ऑक्साइड मिळते. अशा रीतीने यूरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू उपलब्ध होतात. उत्प्रेरकाच्या पृष्ठावर अमोनियाचे चार रेणू, नायट्रिक ऑक्साइडाचे चार रेणू व ऑक्सिजनाचा एक रेणू यांच्या विक्रियेतून नायट्रोजनाचे चार रेणू व पाण्याचे सहा रेणू बनतात. नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड ही समप्रमाणात असल्यास विक्रिया पुष्कळच जलद होते. त्यासाठी आधीच्या ऑक्सिडीकारक उत्प्रेरकात नायट्रिक ऑक्साइडाचा काही भाग मुद्दाम डाय-ऑक्साइडात बदलून घेतात.

प्रारंभीच्या वाहनांत टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर बसविलेले व्हॅनेडियम पेंटॉक्साइड व टंगस्टन ऑक्साइड हे उत्प्रेरक वापरीत. सहाव्या टप्प्यातील वाहनांत तांबे किंवा लोह अंतर्भूत केलेली झिओलाइटे (सूक्ष्म छिद्रे असलेली ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांची संयुगे) अधिक आढळतात. तांबेयुक्त झिओलाइट कमी तापमानास चांगले काम देते, पण गंधकास हळवे असते.

तापमान हा या पद्धतीचा कमकुवत दुवा होय. निष्कास वायू सु. २००° से.पर्यंत तापल्याखेरीज नियंत्रक द्रव फवारीत नाही. कारण थंड नळात यूरियाचे नीट विघटन न होता बाययूरेट, सायन्यूरिक अम्ल यांसारखे घन पदार्थ बनतात व नळाच्या भिंतीवर दगडासारखे थर जमतात. ते एकदा जमले की, पुष्कळ वरच्या तापमानापर्यंत हटत नाहीत. भरधाव महामार्गावर भार ओढणाऱ्या मालमोटारीत ही अडचण येत नाही. शहरातील थांबत-थांबत चालणारी बस, नाक्यावरील रांगेत तासभर चालू असलेले एंजिन किंवा लांबलचक घाट उतरणारे वाहन यांचे निष्कास वायू मात्र थंड पडतात आणि त्या काळात नायट्रोजन ऑक्साइडे जवळजवळ अनिर्बंध बाहेर पडतात. म्हणजे जेथे माणसांची दाटी सर्वांत जास्त, तेथेच ही यंत्रणा सर्वांत दुबळी ठरते. निष्कास नळास उष्णतारोधक वेष्टन घालणे, उत्प्रेरक एंजिनाच्या निकट बसविणे व इंधन उशिरा फवारून वायू तापविणे यांसारख्या उपायांनी ही उणीव कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

यंत्रणा : वाहनात निष्कास वायू क्रमाने ऑक्सिडीकारक उत्प्रेरक, काजळीची गाळणी, द्रवाचा फवारा, मिश्रक, क्षपण उत्प्रेरक व शेवटी जादा अमोनिया जाळून टाकणारा उत्प्रेरक यांतून जातात. टाकीत पातळी, तापमान व बहुधा द्रवाची गुणवत्ता मोजणारे संवेदक असतात. पंप गाळणीतून द्रव ओढून दाबाखाली फवाऱ्याच्या झडपेकडे पाठवितो. क्षपण उत्प्रेरकाच्या अलीकडे व पलीकडे असलेले नायट्रोजन ऑक्साइडांचे संवेदक नियंत्रकास माहिती पुरवितात व तो त्यानुसार मात्रा ठरवितो. मात्रा कमी पडल्यास ऑक्साइडे सुटतात, अधिक झाल्यास अमोनियाचा उग्र वास बाहेर येतो. एंजिन बंद केल्यावर पंप काही काळ उलटा चालून नळ्यांतील द्रव टाकीत परत ओढतो. या वेळी चालकाने विजेची मुख्य कळ लगेच बंद केली, तर नळ्यांत राहिलेला द्रव वाळून स्फटिक बनतात व झडप तुंबते. दुरुस्तीसाठी येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी कित्येकदा इतकीच साधी सवय असते.

द्रवाचा खप : यूरियाचा रेणुभार ६० व नायट्रिक ऑक्साइडाचा ३० असून यूरियाचा एक रेणू नायट्रिक ऑक्साइडाच्या दोन रेणूंना पुरतो. म्हणजे जितके वजन यूरियाचे, तितकेच वजन नष्ट होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडाचे, असा सहज लक्षात राहणारा हिशेब मिळतो. २०° से.ला एक लिटर द्रवाचे वजन सु. १·०९ किग्रॅ. असते व त्यात सु. ३५४ ग्रॅ. यूरिया असतो. कायद्यातील मर्यादा मात्र सर्व ऑक्साइडे डाय-ऑक्साइडाच्या रूपात धरून मोजतात. त्या मापाने एक लिटर द्रव सु. ५४० ग्रॅ. ऑक्साइडांना पुरतो. १०० लि. (सु. ८३ किग्रॅ.) डीझेलपासून चांगले एंजिन सु. ४१५ किलोवॉट-तास कार्य देते. एंजिनातून प्रत्येक किलोवॉट-तासास ६ ग्रॅ. ऑक्साइडे बाहेर पडत असली व त्यांपैकी फक्त ०·४ ग्रॅ. शिल्लक ठेवावयाची असली, तर सु. २,३२० ग्रॅ. ऑक्साइडे नष्ट करावी लागतील व त्यासाठी सु. ४·३ लि. द्रव लागेल. प्रत्यक्षातही खप डीझेलच्या ३ ते ६% इतका आढळतो. ४० लि.ची टाकी ५% खपास ८०० लि. डीझेलपर्यंत पुरते, लिटरला ४ किमी. जाणाऱ्या मालमोटारीस ती सु. ३,२०० किमी.पर्यंत चालेल. या हिशेबाचा उपयोग मालकाने तपासणीसाठी करावा. खप एकाएकी निम्म्यावर आला, तर ती बचत नसून फवारा तुंबल्याची किंवा यंत्रणेस फसविल्याची खूण समजावी.

संहती व शुद्धता : ३२·५% ही संहती (विद्रावातील प्रमाण) सहज निवडलेली नाही. यूरिया व पाणी यांच्या सर्व मिश्रणांत या मिश्रणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली, म्हणजे –११° से.ला असतो, यूरिया कमी केला वा वाढविला तरी तो वर सरकतो. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. इतर कोणत्याही प्रमाणाचे मिश्रण गोठताना आधी एकटे पाणी किंवा एकटा यूरिया वेगळा होतो. या प्रमाणाचे मिश्रण मात्र जसेच्या तसे गोठते व तसेच वितळते. त्यामुळे अर्धवट वितळलेल्या टाकीतून ओढलेल्या द्रवातही यूरियाचे प्रमाण तेच राहते व मात्रेचा हिशेब चुकत नाही.

या द्रवासाठी २००६ मध्ये आय. एस. ओ. २२२४१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार यूरिया ३१·८ ते ३३·२%, २०° से.ला प्रणमनांक (प्रकाशाची निर्वातातील गती व द्रवातील गती यांचे गुणोत्तर) १·३८१४ ते १·३८४३ व बाययूरेट जास्तीत जास्त ०·३% असावे लागते. धातूंच्या मर्यादा फारच कडक आहेत : एक किग्रॅ. द्रवात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, लोह व ॲल्युमिनियम प्रत्येकी ०·५ मिग्रॅ. आणि तांबे, जस्त, क्रोमियम व निकेल प्रत्येकी ०·२ मिग्रॅ. यांपेक्षा अधिक चालत नाही. फॉस्फेटाची मर्यादाही ०·५ मिग्रॅ. आहे. क्षारीय धातू व फॉस्फरस उत्प्रेरकाची सक्रिय स्थाने कायमची व्यापून टाकतात. कॅल्शियमाचे थर झडपेचे सूक्ष्म छिद्र बुजवितात. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात एकट्या कॅल्शियमाचेच प्रमाण या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक असू शकते. यावरून घरगुती पाण्यात यूरिया कालवून केलेला द्रव काय अनर्थ करील, याची कल्पना येते. मूत्रात यूरिया असतो, मग तेच का वापरू नये, असा प्रश्न थट्टेने व कधी गंभीरपणेही विचारला जातो. मूत्रात यूरिया जेमतेम २% असतो व जोडीला मीठ आणि फॉस्फेटे असतात, हे त्याचे उत्तर होय.

शेतीच्या यूरियाची गोष्ट निराळी नाही. खताचा यूरिया पिकास चांगला असला, तरी त्यात बाययूरेट अधिक चालते. घन यूरियात ते १% असले, तर विद्रावात ०·३२५% होऊन मानकाची मर्यादा ओलांडते. शिवाय दाणे एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांवर फॉर्माल्डिहाइडाची प्रक्रिया केलेली असू शकते. भारतात २०१५ पासून देशातील सर्व खत-यूरियास कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे आहे. जमिनीत नायट्रोजन सावकाश मिळावा व अनुदानाचा यूरिया कारखान्यांकडे वळू नये, असे त्याचे दुहेरी प्रयोजन आहे. हे तेल गाळण्या तुंबविते. असे असूनही अनुदानाचा स्वस्त यूरिया विरघळवून नामांकित कंपन्यांच्या नकली बादल्यांत विकण्याचा मोह सुटलेला नाही. यात शेतकऱ्याचे खत जाते, सरकारचे अनुदान जाते व वाहनमालकाचा उत्प्रेरक जातो; शिवाय खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार असा वापर गुन्हा ठरतो. बादलीमागे वाचणारे पैसे व बदललेल्या उत्प्रेरकाची किंमत यांत तुलनाच होऊ शकत नाही. हिशेब न समजल्यामुळे नव्हे, तर बादली खरेदी करणारा चालक आणि उत्प्रेरकाची किंमत भरणारा मालक हे बहुधा निरनिराळे असल्यामुळे हा व्यवहार चालतो.

भरणे व हाताळणे : हा द्रव पेट्रोलपंपांवर, वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत व अधिकृत सेवाकेंद्रांत मिळतो. १० व २० लि.च्या बादल्या महामार्गांवर सर्वत्र दिसतात. मोठे वाहतूकदार २१० लि.ची पिंपे किंवा १,००० लि.चे हौद ठेवतात. खरेदी करताना बादलीची मोहोर, निर्मितीची तारीख व मानकाचा उल्लेख पाहावा. भरण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण रस्त्याच्या धुळीतच कॅल्शियम व लोह पुरेसे असते. बादलीबरोबर येणारी नळीच वापरावी. डीझेलचे नरसाळे, तेलाचा जुना डबा किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वर्ज्य समजावी. द्रव तांबे, पितळ, जस्त, साधे पोलाद व ॲल्युमिनियम यांना खातो आणि त्या धातूंनी स्वतःही दूषित होतो. अगंज पोलाद, पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन चालतात. टाकी काठोकाठ भरू नये. गोठताना द्रव सु. ७% फुगतो व त्यास जागा लागते.

सांडलेला द्रव धोकादायक नसतो, पण पाणी उडून गेल्यावर पांढरे स्फटिक उरतात व ते जोडांतून सरपटत विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचतात. कोमट पाण्याने ते सहज धुऊन निघतात. त्वचेवर उडाल्यास पाण्याने धुणे पुरेसे असते.

दोन टाक्यांची अदलाबदल ही सर्वांत महागडी चूक होय. ती टळावी म्हणून पंपावरील द्रवाच्या तोटीचा व्यास १९ मिमी. इतका, म्हणजे डीझेलच्या तोटीपेक्षा लहान ठेवलेला असतो आणि काही वाहनांत टाकीच्या तोंडाशी बसविलेल्या चुंबकाखेरीज तोटी उघडतच नाही. बादलीतून ओतणाऱ्यास मात्र यांपैकी कोणतेही संरक्षण नसते. डीझेलच्या टाकीत हा द्रव गेल्यास तो तळाशी बसतो, इंधनाबरोबर ओढला जाऊन उच्चदाब पंप व फवारे गंजवितो. उलट, द्रवाच्या टाकीत थोडेसे जरी डीझेल गेले, तरी रबरी पडदे व बंधने फुगून निकामी होतात आणि उत्प्रेरकावरही परिणाम होतो. दोन्ही प्रसंगी एंजिन चालू करू नये, किल्लीही फिरवू नये. पंप सुरू होण्यापूर्वी टाकी रिकामी करून धुतली, तर नुकसान बहुतांशी टळते. चूक लपविण्यासाठी वाहन ‘गॅरेजपर्यंत तरी’ चालविणाऱ्यास मात्र सबंध यंत्रणा बदलावी लागते.

साठवणीत उष्णता हा द्रवाचा शत्रू होय. ऊन लागले की यूरियाचे सावकाश विघटन होऊन अमोनिया सुटतो. बंद बादलीतील द्रव २५° से.पर्यंत १८ महिने, ३०° से.पर्यंत १२ महिने व ३५° से.पर्यंत अवघे ६ महिने टिकतो. उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या विदर्भात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला साठा याहून लवकर खराब होतो; म्हणून जुना माल आधी संपविणे व बादल्या सावलीत ठेवणे आवश्यक असते. थंड प्रदेशात गोठलेला द्रव खराब होत नाही. टाकीत एंजिनाच्या शीतक पाण्याची नळी व नळ्यांभोवती विजेची तापके असतात; द्रव वितळेपर्यंत एंजिन नेहमीप्रमाणे चालते. लडाखकडे जाणाऱ्या वाहनांत याचा अनुभव येतो. गोठण टाळण्यासाठी मीठ, मद्य किंवा शीतकातील ग्लायकॉल मिसळणे मात्र उत्प्रेरकास मारक ठरते.

शक्तिघट : द्रव संपला तरी एंजिनास त्याची उणीव भासत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. त्रास होतो तो श्वास घेणाऱ्यांना. म्हणून चालकास द्रव भरावयास भाग पाडण्याची तजवीज कायद्यानेच केली आहे. यूरोपीय सहाव्या टप्प्याच्या नियमांनुसार पातळी १०%च्या खाली गेली की इशारा मिळतो. २·५%च्या खाली एंजिनाचे पीडन परिबल (फिरविण्याची क्षमता) एकचतुर्थांशाने घटविले जाते. टाकी रिकामी झाल्यावर पुढील थांब्यानंतर वाहन ताशी २० किमी.पेक्षा वेगाने जात नाही. निकृष्ट द्रव आढळल्यासही ठराविक तासांनंतर हेच होते. भारतीय नियम याच धर्तीचे आहेत. नाशवंत माल भरलेल्या गाडीच्या चालकास रात्रीच्या वेळी निर्जन रस्त्यावर हा प्रसंग किती अवघड जातो, हे सांगावयास नको. त्यातही द्रव पुरेसा असून केवळ संवेदक बिघडल्यामुळे गाडी मंदावते, तेव्हा त्याचा राग गैर म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये या तक्रारींची दखल घेऊन शक्ती एकाएकी न घटता सावकाश घटावी, अशा रीतीने नियंत्रकांतील आज्ञावली बदलण्याविषयी निर्मात्यांना मार्गदर्शन केले.

या सक्तीस चुकविण्यासाठी द्रव फवारला जात असल्याचा खोटा संदेश नियंत्रकास देणारी लहान इलेक्ट्रॉनीय पेटी काही ठिकाणी बसविली जाते. अशा एका मालमोटारीतून सुटणारी ऑक्साइडे नियमाने चालणाऱ्या दहाबारा गाड्यांइतकी असू शकतात. मात्र फसवणूक केवळ चालकांकडून झालेली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणातील काही मोटारगाड्यांत चाचणी चालू नसताना द्रवाची मात्रा मुद्दाम कमी केली जात होती. द्रव भरण्याची पाळी ग्राहकावर वारंवार येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. जुलै २०२१ मध्ये यूरोपीय आयोगाने टाक्यांचा आकार व द्रवाचा सरासरी खप यांविषयी संगनमत केल्याबद्दल फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू या कंपन्यांना मिळून ८७·५ कोटी यूरो दंड केला. त्याच संगनमतात सामील असलेल्या डाइम्लर कंपनीने स्वतः माहिती दिल्याने तिला दंड झाला नाही.

पुरवठा : यूरिया हा अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून दाबाखाली बनवितात आणि अमोनिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून मिळतो. त्यामुळे इंधनाच्या किंमतींबरोबर या द्रवाचा पुरवठाही हेलकावे खातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने देशांतर्गत खतटंचाईमुळे यूरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. औद्योगिक यूरिया जवळजवळ सर्वस्वी चीनकडून घेणाऱ्या दक्षिण कोरियात काही आठवड्यांत मालमोटारी उभ्या राहण्याची वेळ आली. साठेबाजीस बंदी करण्यात आली, प्रत्येक वाहनास किती द्रव द्यावयाचा हे ठरवून देण्यात आले व नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून २७,००० लि. द्रव आणण्यासाठी लष्करी विमान पाठविण्यात आले. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियालाही टंचाई जाणवली. तेथील सरकारने ब्रिस्बेनजवळील गिब्सन आयलंड येथील खत कारखान्यास अर्थसाहाय्य देऊन द्रवासाठी लागणाऱ्या शुद्ध यूरियाचे उत्पादन वाढविले. नैसर्गिक वायू परवडणाऱ्या दराने मिळेनासा झाल्याने तो कारखानाही पुढे बंद करण्यात आला.